सुर्वेबाईंचं गाऱ्हाणं

आमच्या घरी तेव्हा बोलायला कुणाला सवड नव्हती. बाबा मुंबईत हॉटेलात कामाला. आई पावसजवळच्या कलमबागेत आंब्याचे क्रेट वाहायची, चिकाने मनगटं भाजलेली. एका वर्षी बाबा गणपतीलाही आले नाहीत. कोकणातला माणूस गणपतीला घरी येत नाही म्हणजे काय, ते सांगायला नको. मी शाळेत तोंड उघडायचंच बंद केलं.

नेमकी मी तिसरीत, सुर्वेबाईंच्या वर्गात आले. देवळात गुरव गावाची अडचण देवापुढे मांडतो आणि लोक एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणतात, तसलं गाऱ्हाणं बाई रोज हजेरीआधी वर्गात घालायला लावत.

“आजीनं माझा बांगडा मांजरीला घातला, म्हाराजा,” अस्लम म्हणायचा.

“होय म्हाराजा!” कौलं हलायची.

नियम एकच. हसायचं नाही, उपाय सुचवायचा नाही. कुणी “मग दुसरा घे ना” म्हणालं की बाई डोळे वटारत. “तुला विचारलंन काय रे मेल्या? त्याचा बांगडा गेलाय. आधी जाऊ दे त्याला.”

एकदा तालुक्याचे साहेब मुलांचं मन शांत कसं ठेवावं ते शिकवायला आले. डोळे मिटा, श्वास घ्या. बाईंनी मुकाट्याने श्वास घेतला. मग म्हणाल्या, “साहेब, आता तुमचं?”

साहेब आधी लाजले. मग हळूच म्हणाले, “पोरं मंडणगडला, माझी बदली होत नाय, म्हाराजा.”

“होय म्हाराजा!” एवढ्या जोरात निघालं की साहेबांनी चष्मा काढून पुसला. चहा मात्र दोनदा घेतला.

माझी पाळी आली की मी नुसती उभी राहायची. बाई थांबायच्या. “राहू दे, बाय माझी. उद्या.” असे पुष्कळ उद्या गेले. मग आईने मला चिपळूणला मामीची पोरं सांभाळायला पाठवायचं ठरवलं. माझी शाळा कायमची सुटणार होती. त्या सकाळी तोंडातून निघालं, “बाबा येत नाहीत. आणि मला चिपळूणला जायचं नाय, म्हाराजा.”

वर्ग म्हणाला, “होय म्हाराजा.” बाईंनी हजेरी घेतली. संध्याकाळी मात्र आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, “आता तू घाल गो.”

आई आधी चिडली. मग बोलत सुटली: बाबांचं, बागेचं, मनगटांचं. दर थोड्या वेळाने बाई एकट्याच म्हणत होत्या, “होय म्हाराजा.” उठताना आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे हिला शाळेत.”

बाई निवृत्त झाल्या, तरी रोज सकाळी शाळेच्या आवारात कढीपत्ता तोडायला यायच्या. एकट्या बाईला एवढा कढीपत्ता लागतो कशाला? तोवर मी त्याच शाळेत शिकवत होते; एक दिवस त्यांना माझ्या वर्गात बोलावलं. “बाई, तुमचं कधी ऐकलंच नाही आम्ही.”

बाईंनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. “घरी बोलायला कोण नाय, म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” पोरं म्हणाली. कुणी उपाय सुचवला नाही. बाई मागच्या बाकावर बसल्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या वर्गात आता पहिलं गाऱ्हाणं रोज सुर्वेबाईंचं असतं.