मोनिकाला ढाळ द्या

"सर, अंतराळवीर संडासला गेले, की पुढं त्याचं काय होतं?"

हा प्रश्न विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. ती माझ्या वर्गातल्या राजेश्वरी आणि धनश्रीनं माझ्यात कोंबली. विज्ञान दिनाला पुण्याचे पाहुणे शाळेत आले होते. दोघींनी पैज लावली, की मोनिका हे विचारूच शकत नाही. मी उभी राहिले आणि विचारलं. सगळा हॉल हसला. गुरुजी लाल झाले. पाहुणे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आज दिवसभरातला हा सगळ्यात चांगला प्रश्न. ते टाकीत साठतं, बाळ. आणि ती टाकी नीट रिकामी करणं हे यान उडवण्याइतकंच अवघड काम आहे."

त्या दिवसापासून मी बदलले. त्याआधी हजेरी देतानाही माझा आवाज बाकाखाली पडायचा. आता मी चालायला लागले तरी जमीन जरा खालीच राहिल्यासारखी वाटायची. आणि योग बघा, त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी खरोखरची टाकी आली.

माझे पप्पा रंगनाथ यांच्याकडे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर होती. राजूर भागातली सगळी वऱ्हाडं तिनं वाहिलेली. पप्पांच्या मनात आलं, काजवे बघायला इतकी माणसं आमच्या डोंगरात येतात, त्यांच्यासाठी चाकावरचं घर करू. संगमनेरच्या गॅरेजवाल्या मच्छिंद्रमामांनी सीटा काढून आत दोन बिछाने बसवले, शेगडी, बेसिन, आणि कपाटाएवढ्या दारामागं संडास. संडासाखाली टाकी. बिछान्यावर आणि संडासावरही, छतात एकेक काच. आणि गाडीच्या कपाळावर लाल अक्षरात माझं नाव: मोनिका.

आमच्याकडं गाडीवर पोरांचीच नावं असतात, त्यात नवल नाही. पण मग गाव गाडीला नावानंच हाक मारायला लागलं. "मोनिका धुतली का?" "मोनिकाच्या मागच्या चाकात हवा कमी हाय." मला सगळं गोड वाटायचं. फक्त नेवाशाची भागूआत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, पूजेला आली तेव्हा त्या अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिली. "आमचं नाव कुनी सायकलीवर बी लिवलं न्हाई," म्हणाली, आणि नारळ जरा जास्तच जोरात फोडला.

दुपारी सगळे झोपले की मी गाडीत जायचे. आत पडून काचेतून वर बघितलं, की उभी गाडी चालायला लागायची. ढग मागं सरकायचे, अंगणातल्या हिरड्याची फांदी किनाऱ्यासारखी दूर जायची, आणि मी एकटी कुठंतरी निघालेली असायची. पप्पांनी कबूल केलं होतं: पहिले पाहुणे खूश होऊन गेले, की दिवाळीत आपण सगळे याच गाडीनं समुद्र बघायला जायचं. मी समुद्र पाहिलेला नाही. पण त्या काचेत तो मला रोज थोडा थोडा दिसायचा.

आणि नेमकी टाकी तुंबली.

पूजेच्या दिवशी आलेल्या एकूण एक नातेवाइकाला संडास "नुसता बघायचा" होता. आत गेला तो नुसता बघून बाहेर आला नाही. दारात भागूआत्या पितळी गडू घेऊन पहाऱ्याला. "एकाला एकच गडू. उन्हाळा हाय, पानी काय झाडाला लागतंय?" त्यामुळे टाकीत सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. टाकी किती भरली ते दाखवायला आत चार दिवे होते. संध्याकाळी चारही लाल.

पप्पांनी टाकीचा मोठा पाइप अंगणाच्या कोपऱ्यातल्या आमच्या घरच्या संडासाच्या भांड्यात सोडला, टाकीचा कॉक उघडला. पाइपनं एक उचकी दिली. थोडंसं आलं आणि थांबलं. तीन दिवे तसेच.

दुसऱ्या दिवशीही तीन. तिसऱ्या दिवशी पुण्याचे पहिले पाहुणे येणार होते, काजवे लागायच्या वेळेला. सकाळी पप्पा गाडीच्या पायरीवर बसले. "आज ही मोकळी झाली न्हाई, तर आतलं सगळं उचकटून टाकतो. परत वऱ्हाडं भरतो. आपल्याला ते बरं."

माझ्या काचेतला समुद्र सर्रकन आटला.

"पप्पा," मी म्हणाले, "टाकीचं तुम्ही माझ्याकडं सोडा. मला यातलं कळतं."

"तुला कुठून कळतं?" आई म्हणाली.

"मी प्रश्न विचारला होता."

पप्पा पायरीवरून उठले आणि मला वाट करून दिली.

मी कामाला लागले. मोबाईलवर एक परदेशी बाई सांगत होत्या, की टाकीत बर्फ टाका. मी बाजारातल्या सरबतवाल्याकडून बादलीभर बर्फ आणला. घरी पोचले तेव्हा बादलीत गार पाणी होतं, ते आईनं माठात ओतलं. मग मी गाडीखाली शिरून टाकीवर टकटक केलं. भरलेल्या कलिंगडासारखा आवाज आला. खाली छान सावली होती, पाठीला गार माती होती. मला वाटलं आपण यानाच्या पोटाखाली तरंगतोय, वर पृथ्वी आहे. अशी मी बराच वेळ दुरुस्ती केली. डोळे मिटून.

तेवढ्यात घरात मच्छिंद्रमामांचा फोन आला. पप्पा फोन विसरून दुकानात गेलेले. उचलला भागूआत्यानं. पुढचं संभाषण मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं, म्हणून जसंच्या तसं देते.

"मोनिका कशीये?" मामांनी विचारलं.

"हाय की. बाहीर पडलीया."

"रिकामी झाली का न्हाई?"

आत्या जरा दचकली. "आता मला काय ठावं बाबा? तरणी पोरगी, असं कसं इचारायचं?"

मामांकडं मागं वेल्डिंग चालू होतं. त्यांना "विचारायचं" एवढंच ऐकू आलं. "विचारायचं काय त्यात? रंगनाथ म्हनत व्हता, परवापासून तुंबलीया. अहो तिला ढाळच न्हाई, हुईल कशी? ढाळ द्या तिला. एका दमात सगळं खाली येतंय का न्हाई बघा."

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गवंड्याचा ढाळ म्हणजे उतार. पाणी वाहून जावं म्हणून देतात तो. आणि भागूआत्याचा ढाळ म्हणजे पोट साफ करायचं औषध. तेही वाहून जावं म्हणूनच देतात.

"एरंडेल चालंल?" आत्यानं विचारलं.

मामांना वाटलं, कॉक अडकतोय म्हणून वंगणाचं चाललंय. "एरंडेल तर लई भारी. दोन चमचे बास."

"कोमट पान्यातून?"

"चांगलं गरमच वापरा. गरम पान्यानं आतलं सगळं सुटतं."

"बाई बाई," आत्या म्हणाली, "आन लेकरू बोललं सुदिक न्हाई."

मी गाडीखालून बाहेर आले, तर आत्या सुंठीचा काढा घेऊन उभी. गूळ घालून, चांगला वाटीभर. "घे गं माझी बाय. उन्हात राबती." आत्या माझ्याशी इतकं मऊ कधीच बोलली नव्हती. मला भरून आलं. मी काढा एका दमात प्यायले. चव जरा बुळबुळीत वाटली, पण मायेची चव मी तरी आधी कुठं घेतली होती?

दिवस कलायला आला, तशा माझ्या पोटात हालचाली सुरू झाल्या. आधी लांबून ढोल वाजल्यासारखं. मग ढोल जवळ आला. मी कोपऱ्यातल्या संडासाकडं धावले, तर भांड्यात पप्पांनी परत सोडलेला गाडीचा पाइप. शेजारी रामहरीकाकांकडं धावले, तर दाराला कुलूप. सगळे तिसगावला लग्नाला. तेवढ्यात अंगणात एक पांढरी कार वळली. पाहुणे आले! उतरून त्यांनी हात जोडले, आणि त्यांच्या नमस्कारासमोरून मी बाणासारखी गाडीत गेले आणि कपाटाएवढं दार लावून घेतलं.

बाहेर पप्पांचा आवाज आला. "या, या. ही आपली मोनिका."

"छान आहे हो," पाहुणीबाई म्हणाल्या. त्यांचं नाव अश्विनी, त्यांच्या नवऱ्याचं अंगद, हे मला दाराआडून कळलं. "आत जाऊन बघू का?"

"जरा दम धरा," पप्पा चाचरले. "मोनिका अजून रिकामी झाली न्हाई."

मी आत डोळे मिटून घेतले. पप्पा टाकीबद्दल बोलत होते, पण शब्द न् शब्द खरा होता.

समोर तीन लाल दिवे. माझ्या डोळ्यांदेखत चौथा लागला. तो माझा होता. वर काचेत आकाश जांभळं झालं होतं आणि हिरड्यात पहिला काजवा उमटला. मग दुसरा. मग सगळी फांदीच श्वास घेतल्यासारखी उजळायला आणि विझायला लागली. एवढ्या हालातही मला वाटलं, आपण निघालो. खाली चार लाल दिवे, वर तारे, आणि मधे मी, एकटी अंतराळवीर. त्या पाहुण्या सरांना आता मी सगळं उत्तर नीट सांगू शकले असते.

तेवढ्यात माझा पाय आत्याच्या पितळी गडूला लागला. तो आडवा झाला आणि गडगडत मागं गेला. मी उचलून परत पुढं ठेवला. परत गडगडत मागं. आणि माझ्या डोक्यात पाचवा दिवा लागला. टाकीचं तोंड पुढच्या चाकाशी. आमचं अंगण उतरतं मावळतीकडं. आणि पूजेच्या दिवशी आत्यानं हट्टानं गाडी उगवतीकडं तोंड करून उभी करवली होती, ती तशीच. गाडीचं तोंड चढाला, म्हणून टाकीचंही चढाला.

"पप्पा!" मी आतून ओरडले. "ढाळ उलटा आहे!"

बाहेरून भागूआत्याचा घाबरलेला आवाज आला, "उलटा? उलटा कसा व्हईल? मी तर नीट तोंडातून दिलाय, दोन चमचे!"

"काय दिलं, अक्का?" पप्पांनी विचारलं.

"ढाळ! मच्छिंद्रानंच सांगितलं, मोनिकाला ढाळ द्या म्हनून."

मग बाहेर जे हसणं झालं त्यात पाहुणे पण होते. सगळ्यात आधी थांबले ते पप्पा. त्यांनी कॉक बंद केला, पाइप ओढून काढला, आणि आई "अहो पोरगी आत हाय" म्हणेपर्यंत गाडी चालू केली. मला बाहेर येणं शक्य नव्हतं. मी भिंत धरून बसले. काचेतले काजवे गोल फिरले, आभाळ फिरलं, खाली टाकीत लाट उठली आणि टाकीच्या भिंतीवर आपटली. समुद्र असाच असणार, मला वाटलं. गाडी मावळतीकडं तोंड करून थांबली. गडू गडगडत पुढं आला.

"गरम पाणी द्या!" मी हुकूम दिला. आईनं पाहुण्यांसाठी तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या दारातून आत सरकवल्या, मी डोळे मिटून दोन्ही ओतल्या. पप्पांनी पाइप जोडला, कॉक उघडला, आणि खालून असा घळघळाट झाला, की हिरड्यावरचे काजवे एकदम विझले. चौथा दिवा गेला. तिसरा. दुसरा. पहिला. बाहेर अंगदकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात धुऊन पायरीवर आले. टाकी आणि मी, दोघी एकाच वेळी मोकळ्या.

"झाली बाबा मोनिका रिकामी," आत्या म्हणाली आणि तिनं माझी अलाबला घेतली.

पाहुणे बिछान्यावर आडवे पडून काचेतून काजवे बघायला लागले. "आम्ही दोन दिवस राहू म्हणतो," अश्विनीकाकू आतून म्हणाल्या. पप्पा पायरीवर तसेच बसले, पण आता त्यांचं तोंड उचकटणाऱ्याचं नव्हतं. "दिवाळीत कुठला समुद्र बघायचा गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठलाही," मी म्हणाले. "पण पप्पा, आई, माझं एक ठरलंय."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी पोट धरून, पण मान ताठ ठेवून जाहीर केलं, "गाडीवरचं माझं नाव उद्या पुसायचं. तिथं भागूबाई लिहायचं, लाल अक्षरात. आणि यापुढं मच्छिंद्रमामांचा फोन आला, की भागूबाईला काय द्यायचं ते मी विचारून घेणार."