मधलं रीळ

दत्ताकाका साळवींच्या मते जगात आजवर एकही सिनेमा चुकीचा निघालेला नाही. नायकाने सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा गोळ्या झाडल्या, डाव्या हाताचं प्लास्टर पुढच्या प्रसंगात उजव्या हातावर गेलं, पाळण्यातली मुलगी दोन वर्षांत कॉलेजात पोचली, तरी काका शांतपणे म्हणतात, "तेवढं कापलंय." चूक नाही. खुलासा करणारा भाग होता, कुणीतरी मधलं रीळ काढून ठेवलं, इतकंच.

खरं म्हणजे 'म्हणायचे' असं लिहायला हवं. गेल्या पाच महिन्यांत ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं नाही, आणि त्याला कारण मी आहे. मी ते पुराव्यानिशी खोटं पाडलं. त्या वाक्यावर त्यांच्या घरातलं काय काय उभं होतं, हे मला नंतर कळलं.

आमची घरं शेजारी-शेजारी आहेत, मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मी मिरजोळ्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सव्वीस वर्षं नट, बोल्ट आणि वॉशर मोजतो आहे. मोजलेलं आणि लिहिलेलं जुळलं नाही तर मला घास उतरत नाही. सिनेमातही माझं तेच होतं. एक चूक दिसली की माझा सिनेमा तिथेच संपतो, पुढचा वेळ मी नुसता बसलेला असतो. काकांचा सिनेमा चुकीपाशी सुरू व्हायचा.

दर रविवारी दुपारी तीन वाजता काका आणि सुमनकाकी आमच्याकडे यायचे. आमचा टीव्ही मोठा, आणि काकींना चार माणसांत बसून सिनेमा बघायला आवडायचं. या रविवारांसाठी मी एक वही केली होती. रकाने चार: सिनेमा, चूक, ती कुणी विचारली आणि काकांचा खुलासा. चौथा रकाना माझ्या बायकोच्या सांगण्यावरून घातला. ती म्हणाली, "तुमच्या चुका कोण वाचणार? काका काय म्हणतात ते लिहा, निदान हसता तरी येईल."

त्यातली एक नोंद देतो. नायिका भाट्याच्या किनाऱ्यावर उगवत्या सूर्याला हात जोडून उभी होती. किनारा भाट्याचाच, मागची सुरूची झाडं मी ओळखली. सूर्य समुद्रातून वर येत होता.

"काका, भाट्याला सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो डोंगराकडून."

"माहीत आहे. मी इथलाच."

"मग?"

"मधे ती विशाखापट्टणला जाऊन आली. मावशीकडे. तेवढं कापलंय."

"आणि मागची सुरूची झाडं?"

"मावशीकडे पण आहेत."

दुसऱ्या एका सिनेमात घरात गणपती बसलेला आणि नायक परसातल्या झाडावरून पिकलेला हापूस तोडतो आहे. काकींचं माहेर पावसचं, वडिलांची कलमांची बाग. त्यांना राहवलं नाही. "अहो, भाद्रपदात आमच्या झाडावर नुसती पानं असतात."

"ती रुसली होती ना," काका म्हणाले. "म्हणून त्याने घाटावरून कुठूनतरी एक आंबा पैदा केला आणि सुतळीने फांदीला बांधून ठेवला. सुतळीचा शॉट फार चांगला होता. गेला."

काकी एवढ्या हसल्या की बायकोला पाणी आणावं लागलं. मी वहीत लिहिलं: सुतळी.

काकांच्या या श्रद्धेला पाया होता. ते गावातल्या एका थिएटरात अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होते. थिएटर आता नाही, त्या जागी मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं आहेत. काका हिशेब सांगायचे तो मी करून पाहिला आहे आणि तो बरोबर येतो. संध्याकाळी सहाचा खेळ. सोळा रिळं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे एकशे साठ. मध्यंतराची दहा, जाहिरातींची दहा. खेळ सुटणार नऊला. पावसची शेवटची गाडी पावणेनऊला. दोन रिळं वगळली की आठ चाळीसला पडदा पांढरा, आणि पाच मिनिटांत माणूस स्टँडवर.

"पण कुठली दोन, हे कसं ठरवायचात?" मी विचारलं होतं.

"पहिल्या दिवशी अख्खा लावायचा आणि पब्लिक बघायचं. मारामारी कापलीस तर खुर्च्या मोडतात. हसवणारा नट कापलास तर शिट्या. गोष्ट कापायची. गोष्टीबद्दल कधी कोण तक्रार करत नाय."

"कुणीच नाही?"

"ज्याला कळत नसे तो शेजाऱ्याला विचारी. शेजाऱ्याला पण माहीत नसे, मग तो आपल्या मनाने काहीतरी सांगे. बाहेर पडताना दोघं खूश."

काकी मात्र ही हकिगत वेगळी सांगायच्या. "गाडीचं नाव पुढे करतात. मी आणि माझी बहीण यायचो सहाच्या खेळाला. शेवट व्हायच्या आधी उठून पळावं लागे. हे वरच्या खिडकीतून बघायचे. एक दिवस बघतो तर काय, सिनेमा वेळेत संपला. पुढच्या वेळी पण संपला. लग्न होईपर्यंत मी सगळ्या सिनेमांचे शेवट बघितले, मधलं काहीच नाही."

"लग्नानंतर सांगितलं ना मधलं," काका म्हणायचे.

"सांगितलं. नंतर तेच सिनेमे अख्खे बघितले, तर ह्यांनी सांगितलेलं एकात पण नव्हतं."

थिएटर गेलं, रिळं गेली, पण कापणारा माणूस कुठेतरी आहेच, असं काकांचं म्हणणं कायम राहिलं. मी एकदा म्हटलं, "काका, आता सगळं इंटरनेटवरून येतं. तिथे कोण कापणार?" ते म्हणाले, "तिथे पण ऑपरेटर असेलच. त्याची पण शेवटची गाडी असेल."

हे सगळं दोन वर्षं छान चाललं होतं. गेल्या वर्षापासून वहीतल्या नोंदी वाढायला लागल्या. आधी एका सिनेमाला एखाद-दुसरी असायची, आता चार-चार व्हायला लागल्या. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "हल्लीच्या सिनेमांचा दर्जा घसरला आहे. आकडेच सांगतात." तिने वही मिटून बाजूला ठेवली.

मला टोचत होतं ते निराळंच. काकांच्या खुलाशांतली मजा गेली होती. पूर्वी ते सुतळी, मावशी असलं काहीतरी रचून सांगायचे. आता जे पडद्यावर नुकतंच दाखवलं असेल तेच सांगायचे आणि वर म्हणायचे, कापलंय. काकी विचारायच्या, "हा कोण?" काका म्हणायचे, "तिचा दीर. ओळख करून देतात तेवढं कापलंय." ओळख कापलेली नसायची. अर्ध्या तासापूर्वी आम्ही चौघांनी ती पाहिलेली असायची. थाप मला चालते, थापेत काहीतरी कसब असतं. पण हजर माल गैरहजर दाखवणं ही माझ्या लेखी सरळ चूक होती.

थंडीच्या दिवसांतला एक रविवार. सिनेमात नायिकेचा भाऊ वादळात होडीवरून पडतो. घरचे त्याचे दिवस करतात. प्रत्यक्षात त्याला दुसऱ्या बंदरातल्या कोळ्यांनी वाचवलेलं असतं. त्यांची म्हातारी त्याला भरवते, तेव्हा काकींनी डोळ्यांना पदर लावला होता. पुढे बऱ्याच वेळाने तो दाढी वाढलेला भाऊ बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

"हा कोण?" काकींनी विचारलं.

"भाऊ तिचा," काका म्हणाले. "बुडाला नव्हता. कोळ्यांनी वाचवला. तेवढं कापलंय."

"काका, काही कापलेलं नाही," मी म्हटलं. "आहे ते."

"असेल. बघ पुढे."

"असेल नाही, आहे. आत्ताच झालं." रिमोट माझ्या हातात होता. बायकोने माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली, ती मला दिसली आणि तरीही मी सिनेमा मागे नेला. बरोबर तेवीस मिनिटं. कोळी, होडी, म्हातारी, भाताचा घास, सगळं ओळीने दाखवलं. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. तीन वर्षांत पहिल्यांदा काकांचा खुलासा तपासायला माल समोर होता.

काकी लक्ष देऊन बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे मी बघितलं?"

"बघितलंत की," मी म्हटलं. "तुम्ही रडलातसुद्धा."

काका पडद्याकडे बघत राहिले. म्हातारी अजून भरवतच होती, मला सिनेमा थांबवायचं सुचलं नाही.

"चल गो, दूध तापवायचंय," काका उठले. काकीही उठल्या. दारात चपला घालताना त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अहो, मग मागच्या रविवारी? ते पण कापलेलं नव्हतं?"

काकांनी त्यांची दुसरी चप्पल सरळ करून दिली.

"आणि त्याच्या मागच्या?"

ते गेल्यावर बायकोने माझ्या हातातला रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मी वही उघडली. मला दुसरं काही करता येत नाही. तिसरा रकाना, चूक कुणी विचारली, मी कधी मोजला नव्हता. पहिल्या वर्षी साठ नोंदी, त्यांत काकींच्या चार. दुसऱ्या वर्षी बहात्तर, काकींच्या एकोणीस. शेवटच्या वर्षी दोनशे सहा, आणि काकींच्या एकशे एकोणनव्वद. त्या एकशे एकोणनव्वदांत सिनेमाची चूक म्हणावी अशी मला एकही सापडली नाही. सगळं माझ्याच अक्षरात होतं, तारखांसकट.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी मी गेलो. काका पडवीत झावळीचे हीर काढून केरसुणी बांधत होते, काकी शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. जाताना मी वाक्यं पाठ करून गेलो होतो.

"काकी, त्या दिवशी माझं चुकलं. मी नंतर चौकशी केली. तो भाग कापलेलाच होता. मी मागे नेलं तेव्हा दिसला तो दुसऱ्या सिनेमातला. इंटरनेटवाल्यांची गल्लत झाली होती."

काकींनी तांदळातून हात काढला आणि माझ्याकडे बघितलं. "प्रकाश, थापा मारायच्या होत्या तर आधी ह्यांच्याकडे शिकवणी लावायचीस. तुला तोंड लपवता येत नाही रे." त्या हसल्या. मला हसता आलं नाही. "बस. चहा ठेवते," म्हणून त्या आत गेल्या.

मी काकांना म्हटलं, "मला कल्पना नव्हती."

"तुझं काही चुकलं नाय. तू बरोबरच होतास." हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"डॉक्टरांना दाखवलंय?"

"दोन वर्षं झाली. तिला सांगितलंय, गोळ्या प्रेशरच्या आहेत. घरात काही विसरली तर मी म्हणायचो, तू नव्हतीसच तेव्हा, मी एकटाच होतो. पण तसं सारखं म्हटलं की माणूस घाबरतं. सिनेमात बरं होतं. तिथे कापणारा तिसराच कोणतरी." त्यांनी केरसुणीला दोरीचा वेढा दिला. "आठवड्याला तीन तास तिला वाटायचं, की दोष तिच्यात नाय."

"मला आधी सांगितलं असतंत तर मी गप्प बसलो असतो."

"तू वहीत लिहिलं असतंस, प्रकाश."

मी खरोखरच लिहिलं असतं.

काकी दारात आल्या. "चहा घेणार ना रे? ठेवते." आतून आधण उकळत असल्याचा आवाज येत होता. काका उठले आणि म्हणाले, "मी आणतो, तू बस."

वही मी माळ्यावर टाकली. जाळावीशी वाटली होती, पण लिहिलेलं जाळणं माझ्याने होत नाही. रविवारी तीन वाजता आम्ही दोघं टीव्ही लावतो. परवाच्या सिनेमात विधवा बाई शेवटच्या प्रसंगात कुंकू लावून हिंडत होती. मी कुणालाही काही बोललो नाही. बायको मधेच उठून भांडी घासायला गेली.

काका आता गोष्ट असलेलं काही लावत नाहीत. त्यांच्याकडे दुपारी जुनी गाणी लागतात, एकामागून एक. परवा मी गडग्यापाशी शेवग्याच्या शेंगा काढत होतो. काकी गाण्याबरोबर म्हणत होत्या. आवाज थकलेला, पण सगळी कडवी ओळीने, एक शब्द इकडचा तिकडे नाही. खिडकीतून काका दिसत होते. ते काकींच्या तोंडाकडे बघत, तोंड किंचित उघडं ठेवून, पुढे सरसावून बसले होते. अडलंच कुठे तर सांगायला. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही त्यांनी अख्खं म्हटलं. काकांना बोलायला कुठे जागाच मिळाली नाही.