म्हाताऱ्याचं डोकं

काना-मात्रेचा फरक मला पलीकडच्या टेबलावरूनही दिसतो. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, तेव्हा तीन रानफुलं वेगवेगळी ओळखणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी बायकोला सांगितलं आणि तिने ते खरं मानलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिने तसं करायला नको होतं.

झालं असं, की सासरे आमच्याकडे आले होते. कायमचे नव्हे, नुसते राहून बघायला. घरी एकटेच असतात, झोप लागत नाही, तर आता इथेच राहा म्हणून बायको काकुळतीला आली होती. ते 'रविवारी सांगतो' एवढंच म्हणाले. गणिताचे मास्तर होते ते. पडताळा घेतल्याशिवाय उत्तर देत नसत.

झोपेला कॅमोमाइलच्या फुलांचा चहा चांगला, असं मी कुठल्याशा मुद्रितात वाचलं होतं. रानफुलं दाखवणाऱ्या एका बाईंबरोबर बागेत फेरीही मारून आलो होतो. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा गोंडा, वर्षाच्या आत उगवून फुलून मरणारी ही तीन भावंडं. एक अस्सल कॅमोमाइल, एक बिनवासाचा तोतया आणि तिसऱ्याला पावसात भिजलेल्या मोज्यांचा वास. हुंगून शेंबडं पोरही ओळखेल, पण मला नेमकी सर्दी! मग उरली एकच परीक्षा. कोवळ्या फुलावरून काही कळत नाही. ते म्हातारं होऊन पाकळ्या लोंबायला लागल्या, की त्याचं डोकं उभं चिरून आत बघायचं.

रविवारी सकाळी इमारतीमागच्या मोकळ्या जागेतून मी पिशवीभर फुलं आणली आणि स्वयंपाकघरात ठाण मांडलं. बायको चहाच्या पातेल्यापाशी उभी होती.

"म्हाताऱ्याचं डोकं चिरल्याशिवाय काही कळायचं नाही," मी म्हणालो. "आत भरलेलं निघालं तर ठेवून घेऊ. पोकळ निघालं तर देऊ फेकून."

"मग चिरा की लवकर," ती म्हणाली. "धारेची सुरी देऊ का?"

बाहेर काहीतरी खळ्ळकन पडलं. सासरे पाणी प्यायला येत होते, त्यांचा तांब्या. आम्हाला वाटलं, मांजर.

थोड्या वेळाने मी सुरी हातात धरूनच त्यांच्या खोलीत डोकावलो आणि अतिशय प्रेमाने म्हणालो, "बाबा, घाबरू नका, तुमच्यासाठीच चाललंय सगळं." ते कॉटवर बसले होते. डोक्यावर माझं स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली! म्हातारपणी माणसाला थंडी वाजते, असा विचार करून मी पंखा बंद केला आणि परत येऊन चिराचिरीला लागलो.

इतक्यात शेजारच्या नर्सबाई बँडेजचा डबा घेऊन धावत आल्या. सासऱ्यांनी खिडकीतून त्यांना सांगितलं होतं, की मुलगी आणि जावई मिळून माझं डोकं चिरणार आहेत, आणि पोकळ निघालं तर टाकून देणार आहेत. बाईंनी आधी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, मग विचारपूस केली. मागोमाग सासरेही दारात येऊन उभे राहिले. उलगडा झाला तशी बायको कपाळाला हात लावून खालीच बसली. मी मात्र ठामपणे म्हणालो, की आता चहाच सगळ्यांची खात्री पटवेल, आणि निवडलेली फुलं उकळत्या पाण्यात टाकली.

नर्सबाई नाकाला पदर लावून पळाल्या. भिजलेल्या मोज्यांचा वास म्हणे जिन्यापर्यंत गेला. बागेतल्या बाईंनी सांगितलं होतं, की पोकळ तेच अस्सल. मी ते तंतोतंत लक्षात ठेवलं होतं, फक्त उलटं. खरं कॅमोमाइल केराच्या डब्यात पडलं होतं.

सासऱ्यांनी हेल्मेट काढलं, पातेल्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"माझं ठरलं," ते म्हणाले. "मी इथेच राहतो."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच, बाबा? तुम्हाला आवडलं आमच्याकडे?"

"आवडण्याचा प्रश्नच नाही गं. या माणसाच्या हवाली तुला एकटीला सोडून मी जायचं कसं?"

ती इतकी खूश झाली, की माझी बाजू घ्यायचं तिला सुचलंच नाही.