नाव घातलेली भांडी

विजयमालाने दुकान उघडलं खरं, पण ते दुकान नेमकं कुठे आहे, हे तिच्या सासऱ्यांना काही केल्या समजेना. सूर्यभानरावांच्या मते दुकानाला फळी लागते, गल्ला लागतो आणि समोरच्या बाकड्यावर उगाच बसणारी चार माणसं लागतात. इथे सुनेच्या हातात एक मोबाईल होता आणि पुढच्या खोलीत गोधड्यांची चळत होती, बस्स. खरा वाद त्या खोलीचाच होता. रस्त्याला लागून असलेली, कोरडी, उंदीर न शिरणारी अशी घरात ती एकच खोली, आणि सूर्यभानरावांना तिथे श्रीरामपूरच्या आबासाहेबांच्या पशुखाद्याची एजन्सी टाकायची होती. बेलापुरात गाई मायंदाळ, तेव्हा पेंडीच्या धंद्याला मरण नाही, असं त्यांचं म्हणणं.

बरीच धुसफूस झाली आणि शेवटी सूर्यभानरावांनीच तोड काढली.

"दिवाळीच्या पाडव्यापत्तुर एक गोधडी इकून दाखव. लई न्हाई, एक. पर पैसं मोजून कुनीतरी नेली पायजे. न्हाईतर पाडव्याच्या मुहूर्तावर माझी पोती आत."

विजयमाला नुसती "बरं, मामा" म्हणाली. तिच्या नवऱ्याला, अंगदला, ते 'बरं' चांगलं ठाऊक होतं. ती तशी 'बरं' म्हणाली की जग इकडचं तिकडे होईल, पण ती हटणार नाही. म्हणून तो शहाणा माणूस साखर कारखान्यात जास्तीची पाळी मागून घेऊन मोकळा झाला.

विजयमालाने उगाच शब्द दिला नव्हता. बचत गटाच्या शिबिरात एका ताईंनी तिला पिंटरेस्ट नावाचं चित्रांचं ॲप शिकवलं होतं. तिथे गिऱ्हाईक शब्द लिहीत बसत नाही, चित्रातल्या वस्तूवर बोट ठेवतं आणि ते ॲप तसल्याच वस्तूंची चित्रं जगभरातून हुडकून समोर मांडतं. पण नुसती गोधडी कोण बघणार, असं ताईंचं म्हणणं. चित्र सजवायचं, शेजारी जुनी तांब्या-पितळेची भांडी मांडायची, शहरातली माणसं त्यावर जीव टाकतात. आता भांड्यांचा तर घरात सुकाळ होता. माळ्यावर हंडे, कळश्या, पराती, घंगाळं असं एका लग्नाचं सामान पडून होतं. विजयमालाने शिडी लावली तेव्हा सासूबाई, रतनबाई, खालून म्हणाल्याही, की बसलीत तिथं बसू दे की, कशाला उकराउकरी. पण सुनेने ऐकलं नाही. चिंच-मीठ लावून तिने भांडी अशी लखलखीत घासली की त्यांच्यावर घातलेली नावं लांबून वाचता यावीत.

गफलत झाली ती इथेच, कारण त्या नावांतलं एकही नाव या घरचं नव्हतं.

आता रतनबाईंना कुणी चोर म्हणेल तर ते साफ खोटं. गावातलं एकही लग्न, बारसं की तेरावं त्यांच्याशिवाय पार पडलेलं नव्हतं. त्या चुलवणापाशी उभ्या राहिल्या की आचारीसुद्धा त्यांना विचारून मीठ घालायचा. कार्याला गावभरातून भांडी गोळा व्हायची, कार्य उरकलं की ज्याची त्याला जायची, आणि जी मागे उरायची ती रतनबाईंच्या माळ्यावर चढायची. त्यांनी ती ठेवून घेतली नव्हती, ती राहिली होती. ज्याची वस्तू त्याने मागावी आणि मागितल्यावर आपण नाही म्हणू नये, हे त्यांचं तत्त्व. कुणी मागायलाच आलं नाही, त्याला त्या काय करणार? त्यांच्या स्वतःच्या लग्नातली भांडीही गावात कुणाकुणाकडे होतीच, आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

पहिली मागायला आली ती गावातल्या पुंजारामांची लेक दिपाली. ती नगरला दिलेली. दिवाळीत दारात पाणी भरून फुलं सोडायला तिला घंगाळ हवं होतं. मोबाईलवर एका घंगाळावर तिने बोट ठेवलं, तर तसल्या पाच-पन्नास घंगाळांत एक गोधडीशेजारी बसलेलं निघालं. कडेला अक्षरं दिसली म्हणून तिने चित्र मोठं केलं. 'चि. दिपाली हिच्या बारशानिमित्त मामांकडून.' ज्या घंगाळासाठी आपण बाजार धुंडाळतोय ते आपल्याच बारशाचं आहे आणि चित्राखालच्या पत्त्याप्रमाणे बेलापुरात रतनबाईंच्या घरी मजेत बसलंय, हे कळल्यावर कोण स्वस्थ बसेल? दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली, माहेरी उतरून आईला बरोबर घेतलं आणि दोघी दारात उभ्या राहिल्या.

रतनबाई मुळीच गडबडल्या नाहीत. "ने की बाई. तुजंच हाय. मी कवा न्हाई म्हनले?" म्हणत त्यांनी दोघींना चहा पाजला. पण घंगाळ उचलून द्यायची वेळ आली आणि त्यांचा हात अडला. भांडं रिकामं परत करू नये, ही तर साधी रीत. एरवी मूठभर साखर घातली की भागतं, पण बारशाचं घंगाळ लेकीच्या लग्नानंतर परत करताना मूठभर साखरेवर कसं भागायचं? रतनबाई पुढच्या खोलीत गेल्या, चळतीवरची सगळ्यात देखणी गोधडी उचलली आणि घंगाळात घालून दिली. विजयमाला तेव्हा मळ्यात गाईंना चारा टाकत होती.

घरी येऊन तिने ऐकलं. पण झाली गोष्ट एकदाची झाली म्हणून तिने उरलेली चळत नीट रचून ठेवली. शिवाय त्याच संध्याकाळपासून तिच्या चित्रांना असे काही पाहुणे येऊ लागले की ती हरखून गेली. शेकड्यांनी माणसं बघत होती. कुणी लिहीत होतं, ताई, परात जरा उलटी करून फोटो टाका. कुणी विचारत होतं, कळशीची मागची बाजू दिसेल का. हे पुण्या-मुंबईचे, कदाचित परदेशातलेही शौकीन लोक असणार, असं धरून चालून ती मोठ्या निष्ठेने पराती उलट्या करून, कळश्या वळवून, प्रत्येक नाव उजेडात धरून फोटो टाकत गेली. बेलापुरातल्या झाडून सगळ्या बायकांनी ते ॲप मोबाईलमध्ये घेतलं आहे आणि आपापली हरवलेली भांडी हुडकताहेत, हे तिला कोण सांगणार?

मग दाराशी रीघ लागली. जो तो यायचा, नाव दाखवायचा, चहा घ्यायचा आणि भांडं काखेत मारायचा. आणि दिपालीच्या घंगाळात गोधडी गेल्याचं एव्हाना गावभर झालेलं. तिला गोधडी आणि आम्हाला साखर, असं तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण भांडं हातात घेऊन जरा जास्तच वेळ घुटमळत होतं. रतनबाईंना ती घुटमळ सोसवायची नाही. एका म्हातारीने तर नावच नसलेली कळशी आपली म्हणून सांगितली, आणि तिलाही गोधडी मिळाली. चळत उतरत उतरत फरशीला टेकली. सूर्यभानराव ओसरीवरून सगळं बघत होते, आणि सूनबाईंचं दुकान लई जोरात चाललंय, नुसता गल्ला तेवढा कोरडा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

शेवटची गोधडी एका परातीतून गेली त्या दिवशी विजयमालाचा बांध फुटला. सुई टोचून टोचून तिच्या बोटांची चाळण झाली होती. ती रडली, पण रडत रडत सासूसमोर उभी राहिली.

"आत्याबाई, त्या गोधड्या माझ्या हुत्या."

"आन् अब्रू कुनाची हुती?" रतनबाई म्हणाल्या.

याला विजयमालाने कुलपाने उत्तर दिलं. तिने खोलीला ते घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि सासूला निक्षून सांगितलं, की आता जी गोधडी शिवीन ती कुणाच्या भांड्यात जाणार नाही, साक्षात देव हंडा घेऊन दारात आला तरी नाही. चिंध्या संपल्या होत्या, म्हणून तिने स्वतःच्या दोन चांगल्या साड्या फाडल्या. फराळाची कढई एका हाताने आणि धावदोरा दुसऱ्या हाताने, अशी तिची दिवाळी गेली. पाडव्याच्या आदल्या दिवशी गोधडी पुरी झाली. माळ्यावर एकच थोरला हंडा उरला होता, नाव असलेला पण अजून कुणी न मागितलेला. तो शेजारी ठेवून तिने शेवटचं चित्र टाकलं. तिला आशा फारशी नव्हती, पण मुदत उद्यापर्यंत होती आणि ती आज हरायला तयार नव्हती.

पाडव्याला सकाळीच पोत्यांनी भरलेला टेम्पो दारात लागला. पुढच्या जीपमधून आबासाहेब उतरले आणि पाठोपाठ त्यांची बायको पुष्पावती. सूर्यभानरावांनी नवा फेटा बांधला होता. नारळ फोडायला दगडसुद्धा धुऊन ठेवला होता. त्यांनी सुनेपुढे हात केला. विजयमालाने डोळ्यांतलं पाणी मागे सारून किल्लीने खोली उघडली, कारण शब्द म्हणजे शब्द.

पुष्पावती मात्र खोलीकडे न बघता रतनबाईंना म्हणाली, "काल फोटोत टाकलेला तो हंडा जरा दावता का?"

हंडा आला. तिने तो वळवला आणि पदराने पुसून वाचला. 'सौ. पुष्पावती हिस विवाहप्रसंगी आजोळकडून.' मग तिने नवऱ्याकडे बघितलं. या हंड्यापायी लग्नानंतरची कित्येक वर्षं सासू तिला बोलत आली होती, की आजोळच्यांनी कबूल करून दिलाच नाही. दिला होता. लग्नाच्याच धांदलीत, सासरी पोचायच्या आत, तो कुठल्याशा कार्यात फिरला आणि इथे येऊन राहिला. बाई भर ओसरीवर हंड्याला मिठी मारून रडायला लागली, आणि रतनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली.

आबासाहेबांनी हंड्यावरचं नाव स्वतः वाचलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "सूर्यभानराव, आमचा हंडा इतकी वर्सं तुमच्या माळ्यावर बसला आन् तुमाला पत्ता न्हाई. मग माझी पोती हितं उतरवली, तर ती कुनाची म्हनायची?"

आबासाहेबांनी ड्रायव्हरला खूण केली आणि टेम्पो आला तसा माघारी वळला.

रतनबाईंचा हात मात्र सवयीने खोलीतल्या गोधडीकडे गेलाच. विजयमालाने तो धरला आणि पुष्पावतीला सरळ सांगितलं, की वैनी, ही फुकट नाही, ही विकायची आहे.

पुष्पावतीने डोळे पुसले. "दुकानदाराची बायको हाय मी. फुकट घ्यायची सवय न्हाई," म्हणाली. तिने गोधडी उलटी-सुलटी करून टाके बघितले, भाव विचारला, घासाघीस न करता पैसे मोजले आणि गोधडी हंड्यात घालून जीपमध्ये जाऊन बसली. मुदत संपायच्या दिवशी, सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, पैसे मोजून. विजयमालाने किल्ली पुन्हा कमरेला खोचली, आणि तिला इतका आनंद झाला की क्षणभर सासूचाही राग आला नाही.

सूर्यभानराव ओसरीवरच्या खुर्चीत मटकन बसले. एजन्सी गेली, खोली गेली, चारचौघांत शोभा झाली ती वेगळीच. मग त्यांनी बायकोला विचारलं, "खरं सांग. आजून कुनाकुनाचं काय ऱ्हायलंय या घरात?"

रतनबाईंनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"भांडं तर आता एकबी न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी बसलाय ती खुर्ची तेवढी बन्सी पाटलांची हाय."

सूर्यभानराव काही बोलायच्या आत विजयमाला मोबाईल घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"मामा, जरा उठता का? खुर्चीचा फोटो टाकायचाय."

"कशाला?"

"पाटलांच्या चार सुना हायेत," ती म्हणाली. "खुर्ची न्यायला एक तरी येईलच की."