शिरपाअण्णांची चाळण

शिरपाअण्णांना चहा दिला की ते आधी कप तिरका करून तळ बघतात. कप भरलेला असल्यामुळे तळ अर्थातच दिसत नाही. मग ते एका दमात अर्धा कप संपवतात, पुन्हा बघतात आणि उरलेला सावकाश पितात. मध्येच तुम्ही विचारलंत, की अण्णा, साखर बरोबर आहे का, तर हात वर करून तुम्हाला थांबवतात.

"दमा की. तळ दिसंस्तवर बोलायचं न्हाय."

हे त्यांचं पालुपद. पोराचा निकाल असो, शेजाऱ्याचं ऑपरेशन असो, अण्णांचं उत्तर ठरलेलं. आमच्या बोळात एकदा मुलगी बघायला पावणे आलेले. दोन्हीकडची पसंती झाली, पेढे फुटायच्या बेतात होते आणि अण्णा नवऱ्या मुलाला म्हणाले, "पोहता येतं का तुला?" मुलगा बँकेत अधिकारी होता. तो नाही म्हणाला. अण्णांनी नुसती मान हलवली, पण त्या मान हलवण्यानं पेढे पुढं आठ दिवस लांबले.

तर हे शिरपाअण्णा आमच्या पेठेतल्या दोरकरी मंडळीचे कारभारी आहेत. कोल्हापुरात तालमी गल्लोगल्ली असतात, दोरकरी मंडळी मात्र ही एवढीच. अकरा घरं आणि घरटी एक दोर. दर उन्हाळ्यात पेठेतली एखादी विहीर उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे, हे त्या घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मजुरी घ्यायची नाही. ज्या बोळाची विहीर त्या बोळानं जेवण घालायचं, एवढंच. त्या जेवणात तांबडा-पांढरा रस्सा असलाच पाहिजे हा नियम मागाहून कुणीतरी घुसवला असावा, पण सगळ्यांत कडक पाळला जातो तो तोच.

विहिरीवर साबण लावणाऱ्याला किंवा निर्माल्य टाकणाऱ्याला अण्णा दंड करतात. दंड म्हणजे काठाजवळ एक झाड लावायचं आणि ते जगवून दाखवायचं. आमच्या बोळातल्या वकिलांनी तीन वेळा गणपतीचे हार पाण्यात सोडले. आज त्यांच्या नावाची करंजाची तीन झाडं उभी आहेत. त्यांच्याच सावलीत ते गाडी लावतात आणि पावसाळा आला की वृक्षारोपणावर आम्हालाच भाषण देतात.

अण्णांचं खरं वेड मात्र चाळणीचं. गाळ वर आला की बाकीच्या मंडळींच्या मते काम संपलं. अण्णांच्या मते ते तिथं सुरू होतं. गवंडी वाळू चाळतात तसली चाळण घेऊन ते बसतात आणि गाळाची प्रत्येक बुट्टी पाणी ओतून ओतून चाळतात. जे सापडेल ते धुऊन वर धरतात आणि तीन वेळा पुकारतात, "कुणाचं हाय? कुणाचं हाय? कुणाचं हाय?" ज्याची वस्तू असेल त्यानं चारचौघांत "माझं" म्हणायचं. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं म्हटलेलं चालत नाही. कुणीच बोललं नाही तर वस्तू अण्णांच्या ट्रंकेत जाते. ती मोडीत घालायची नाही. "दुसऱ्याची हाय ती. कोण कवा यील काय सांगावं?" असं म्हणून ते ट्रंकेला कुलूप लावतात.

मी शाळेत शिकवते. एकदा पाण्याच्या बचतीवर चार शब्द बोलायला म्हणून मी अण्णांना शाळेत बोलावलं. ते आमच्याच शाळेच्या विहिरीतला गाळ दोन बुट्ट्या भरून घेऊन आले आणि एक शब्द न बोलता अर्धा तास स्टेजवर चाळत बसले. सात पेनं निघाली, एक कंपासपेटी निघाली आणि शेवटी निघाली दातांची अर्धी कवळी. अण्णांनी ती धुतली, वर धरली आणि तीनदा पुकारलं. हेडमास्तर छताकडं बघत होते. पोरं हेडमास्तरांकडं बघत होती. कवळी ट्रंकेत गेली. पुढच्या आठवड्यात हेडमास्तर स्वतः अण्णांच्या दारात गेले म्हणतात, पण ते कुणी पाहिलेलं नाही.

या चाळणीची सगळी पेठ थट्टा करते. मीही करायचे, पण माझ्या हसण्यात खोट होती, आणि ती काय ते आता सांगते.

आमच्या घराला लागूनच चिंचेची विहीर आहे. मी आठ वर्षांची असताना आईचा चांदीचा करंडा, झाकणावर मोर असलेला, खेळायला म्हणून मी गुपचूप बाहेर नेला. कुंकू सांडलं म्हणून काठावर बसून धुवायला गेले आणि तो हातातून सुटला. बुडूक, एवढाच आवाज झाला. वडिलांच्या भीतीनं मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी शोधाशोध झाली. आमच्याकडं पाणी भरायला हौसामावशी यायची. वडील तिला एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." पोलीस नाहीत, आरडाओरड नाही. मी दाराआड उभी होते आणि गप्प राहिले.

शिरपा हा हौसामावशीचा मुलगा. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आमच्यात खेळायला यायचा आणि मला सुमे म्हणायचा. त्या दिवसानंतर तो मला सुमनताई म्हणायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं मंडळीचा दोर धरला. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. मी सणावाराला त्यांच्याकडं पुरणपोळ्या पाठवत आले, अण्णांच्या मुलीची फी माफ व्हावी म्हणून शाळेत भांडले, पण जे म्हणायला हवं होतं ते कधी म्हटलं नाही. मला माझी लाज वाटायची आणि लाज वाटली की मी आणखी चार पोळ्या पाठवायचे.

चिंचेची विहीर तळापर्यंत कधी उपसली गेली नव्हती. झरे इतके दांडगे, की गुडघाभर पाणी राहिलं की मंडळी हात टेकायची. यंदा मात्र पाण्याला वास यायला लागला आणि अण्णांनी जाहीर केलं, "मोठी मोटार लावतो, पर औंदा तळ बघतोच."

मी त्यांना गाठलं. "अण्णा, एवढं उपसलं तर झरे बुजतील हो."

"झरं काय आज बघितल्यात व्हय मी?"

"मोटार तापली तर? उगाच कुणाला लागलं-बिगलं तर?"

अण्णांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "सुमनताई, तळ दिसंस्तवर बोलू नगासा."

पहिल्या दिवशी पाणी दोन परस उतरलं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. अण्णा सगळं जग परसात मोजतात. विहीर पाच परस. म्हणजे माझ्या वाट्याला तीन परस उरले होते. दुसऱ्या दिवशी मोटार बंद पडावी म्हणून मी अंबाबाईला नवस बोलले. मोटार बंद पडली. मी हात जोडायच्या आत अण्णांनी तिचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, वर एक शिवी दिली आणि ती सुरू झाली. रात्री जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "तुला काय झालंय गं? उन्हात उभी राहू नको." वर हेही म्हणाली, "तळ निघाला तर निघू दे. माझा करंडा काही निघायचा नाही. तो हौसानं कधीच मोडला असेल." आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिनं हे मनात काही न ठेवता, भाजी निवडता निवडता म्हटलं आणि मला तिथून उठावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसला. सगळा बोळ जमला. आई काठाशी खुर्ची टाकून बसली, मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी. बादल्या निघाल्या, कळशा निघाल्या, क्रिकेटचे चेंडू तर एवढे, की पोरांनी त्यांची आपसात वाटणी सुरू केली. अण्णा पुकारत होते, लोक हसत "माझं, माझं" म्हणत होते. प्रत्येक बुट्टीला मी छत्री आणखी खाली ओढत होते.

मंडळीची रीत अशी, की शेवटची बुट्टी वर ओढायची नाही. ती कारभाऱ्यानं एकट्यानं तळाशी उभं राहून चाळायची. मग तो वर येतो, काठावर पाय ठेवतो, नारळ फुटतो आणि पुकारणं संपतं. नारळ फुटेपर्यंत जी वस्तू पुकारली गेली नाही, तिचं नाव पुढं कधीच काढायचं नाही.

बाकीचे वर आले. अण्णा खाली एकटे. चाळण हलत होती आणि मधेच ती थांबली. अण्णांनी काहीतरी उचललं, पाण्यात बुचकळलं, अंगठ्यानं घासलं, डोळ्यांजवळ नेलं. आमच्याकडं भांड्यांवर नाव घालतात, तसं करंड्याच्या बुडावर आईचं नाव होतं. ते वाचायला अण्णांना वेळ लागला. मग त्यांनी वर बघितलं. माझ्याकडं नाही, आईकडं बघितलं.

आईनं वाकून विचारलं, "काय घावलं रे शिरपा?"

"काय न्हाय काकी," अण्णा म्हणाले. "खापरी हाय." आणि ती वस्तू त्यांनी कमरेला खोचली.

एवढ्या वर्षांत अण्णांनी न पुकारलेली ती पहिली वस्तू. कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक नारळ शोधत होते. अण्णा दोर धरून दगडी टप्प्यांवरून चढायला लागले. एक टप्पा, दुसरा टप्पा. मला एवढंच करायचं होतं की गप्प उभं राहायचं, आणि त्यात तर मी पंचेचाळीस वर्षांची तयार होते. अण्णांचं डोकं वर दिसायला लागलं, हात काठाला लागला.

"अण्णा," मी म्हणाले. "एक पुकारायचं राहिलं."

ते तिथंच लटकून थांबले. "कशाचं?"

"कमरेला आहे त्याचं."

नारळ शोधणारे वळून बघायला लागले. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "काकी बसल्यात वर. जाऊ द्या की."

"असू दे. पुकारा."

त्यांनी करंडा काढला. काळा ठिक्कर पडलेला, पण झाकणावरचा मोर तसाच. "कुणाचं हाय?" अण्णांनी करंडा आणखी वर धरला. "कुणाचं हाय?" आई खुर्चीतून उठायला लागली. "कुणाचं..."

"माझं! म्हणजे आईचा आहे, पण पाडला मी. खेळताना पाडला. हौसामावशीनं नव्हता घेतला."

मी छत्री कधी सोडली मला आठवत नाही. आई उन्हात उभी होती. तिनं करंडा हातात घेतला नाही. नुसतं त्याच्याकडं बघून म्हणाली, "मी आणखी चार घरी सांगितलं होतं गं. तिला ठेवू नका म्हणून." मग खुर्ची सोडून काठावरच बसली.

वर आल्यावर अण्णांनी करंडा माझ्या हातात दिला. नारळ तसाच बाजूला ठेवून ते ओल्या अंगानं बोळाच्या टोकाकडं, आपल्या घराकडं चालायला लागले. मी करंडा घेऊन मागोमाग गेले. वाटेत ते मागं न बघताच बोलले. "ह्या हिरीवरनं घरी गेलो की दर बारीला आई इचारती, घावला का रं? मी म्हंतो, अजून तळ दिसला न्हाय. आज घरात हळूच सांगणार हुतो तिला. काकीचं वय झालंय, चार लोकांत कशाला म्हटलं."

"तुम्हाला ठाऊक होतं? मी पाडला ते?"

"न्हाय. हिरीत हाय एवढं ठावं हुतं. आमच्या घरात न्हवता, मग जाणार कुठं?"

हौसामावशी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, जसा ती आमच्या दारात करायची. मी तिच्यापुढं खाली बसले, करंडा तिच्या मांडीवर ठेवला आणि जे बोलायचं ते बोलले. तिनं कानाला हात लावला आणि लेकाकडं बघितलं.

अण्णा दारात उभे होते, अंगावरचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"कानानं कमी हाय ती," ते म्हणाले. "सुमे, मोठ्यानं म्हण."