विरजण मुद्दाम संपवणारे बापूराव

मुलांनो, घरातलं विरजण मुद्दाम संपवणारा गृहस्थ आमच्या नालवाडीत एकच आहे: समोरचे बापूराव ढोबळे. जेवताना सगळं दही चाटूनपुसून खातात आणि संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहतात. "विरजण हाय का वहिनी?"

मला व्यवस्थितपणाची खोड. या घरात राहायला आल्यापासून माझं विरजण एकदाही तुटलेलं नव्हतं. मी त्यांना समजावलं, "भाऊजी, चमचाभर आधीच बाजूला काढून ठेवावं."

"अन् मंग उद्या तुमच्याकडे कायले येऊ?"

हे सगळं एका पुस्तकामुळे. सिंदीला कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी रद्दीतून एक जुनी इंग्रजी विज्ञानकादंबरी उचलली. तेव्हापासून ती दरवर्षी वाचतात. त्यात भविष्यातलं एक शहर आहे. तिथे जेवण, औषध, कपडे, सगळं भिंतीतून येतं. कोणाला कोणाकडे काही मागावंच लागत नाही. हळूहळू दारांच्या कड्या गंजतात. शेवटी एक म्हातारा शेजारचं दार वाजवतो, तर आतल्यांना तो आवाज कसला हेच कळत नाही. मीही वाचली. भाषा अवजड आहे, पण ते दार वाजणं अजून डोक्यातून जात नाही.

गल्लीत कोणी मोबाइलवरून कोथिंबीर मागवली की बापूराव मान हलवतात. "पुस्तकात सुरुवात अशीच झालती."

आम्ही हसायचो. त्यांनी विरजणासाठी चार घरांचे वार लावून घेतले होते, त्यालाही हसायचो. मग एका मंगळवारी गल्लीत एकट्या राहणाऱ्या कुसुमताईंनी दार उघडलं नाही. फोन करून पाहतो म्हणणारे आम्ही सगळे. बापूरावांनी मात्र मागची खिडकी गाठली. कुसुमताई मोरीत घसरून पडल्या होत्या. मंगळवारचा वार कुसुमताईंचा नसता तर? त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

मागच्या महिन्यात बंगलोरहून त्यांच्या मुलानं दह्याची पाकिटं लावून दिली. रोज सकाळी दारात बंद पाकीट. मुलाला नाही म्हणवेना. बापूराव येईनासे झाले. पाच दिवस गेले, आमचा वारही गेला. दार कायम बंद. मला ती कादंबरी आठवायला लागली.

सहाव्या दिवशी मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. घरातलं सगळं दही कढीत घातलं, भांडं धुतलं आणि वाटी घेऊन त्यांचं दार वाजवलं.

"भाऊजी, विरजण आहे का? माझं संपलं."

मला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सगळं? चमचाभरही नाई ठेवलं?"

"नाही. पण तुमच्याकडे पाकीट…"

"ते पाकिटातलं हाय वहिनी. तुमच्याकडचं सुमनचं होतं."

सुमन त्यांची बायको. जाऊन सात वर्षं झाली. मग मला आठवलं. आम्ही इथे सामान उतरवत होतो, तेव्हा पहिलं विरजण तिनंच आणून दिलं होतं.

"ती गेली त्या आठवड्यात घरचं तुटलं," बापूराव म्हणाले. "माह्या हातून पुन्हा बिघडलं असतं. म्हणून तिनं देल्लेलं तुमच्या चार घरीच राहू देल्लं. थोडं थोडं मागून आणत होतो."

मी त्यांच्या फळीवरची वाटी काढून त्यांच्या हातात दिली. "चला. आज वार कोणाचा?"

"मंगळवार," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

कुसुमताईंनी काठी टेकत दार उघडलं. समोर दोन म्हातारी माणसं, दोन रिकाम्या वाट्या.

"अगं बाई! तुम्हीपण?" त्या मला म्हणाल्या. "या पुस्तकवाल्यानं तुमालेही बिघडवलं काय?"

"हो," मी म्हटलं. "चमचाभर द्या. दोघांनाही."