सरड्याची मोजणी

"दिव्या, आज बघच! अख्ख्या शाळेत असा फोटो कुणाकडे नसंल!" अशी गर्जना करून समाधान गुरुवारी सकाळी घराबाहेर पडला. गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी. गेले तीन गुरुवार त्याने ओव्हरटाइमपायी लेकीला दिलेला शब्द मोडला होता, आणि तिचा 'परिसरातील प्राणी' हा प्रकल्प उद्याच द्यायचा होता. आज फोटो मिळाला नाही, तर घरात 'बाबा' या माणसाला कुणी विचारणार नव्हतं!

फोटो काढायचा होता सरड्याचा. चाकणला कंपनीमागच्या माळावर डबा खाताना तो समाधानला दिसला होता. गळ्याखालची निळी-केशरी पिशवी पंख्यासारखी उघडायची, मिटायची. वरातीत नवा फेटा मिरवणारा नवरदेवाचा मामाच जणू!

ऊन लागू नये म्हणून समाधानने कंपनीचं हेल्मेट घातलं, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट चढवलं. मोबाइल फोटो काढायच्या छोट्या तिपाईवर बसवला. सरडा नेमका बांधावरच्या हद्दीच्या दगडावर होता. समाधान पोटावर आडवा झाला, एक डोळा मिटला आणि तिपाई ढकलत इंच इंच पुढे सरकू लागला.

आता तुम्हीच सांगा, चाकणच्या बाजूला हेल्मेटवाला माणूस तिपाई लावून एका डोळ्याने हद्दीचा दगड न्याहाळू लागला, तर जमीनमालकाला काय वाटेल?

"आली मोजणी!" मारुतराव ओरडतच आले. माळ त्यांचा होता. मागून त्यांच्या पत्नी शालनबाई, हातात चहाची किटली.

"सायेब, रस्ता हिकडनं न्हेऊ नका! आमची इहीर जाती त्यात!"

"हळू बोला! पळंल ना तो!"

"कोन पळंल?"

"सरडा! सरड्याचा फोटो काढायलोय!"

मारुतराव बायकोकडे वळले. "ऐकलंस? मागला म्हनला, पाखरं बघाया आलोय. म्हैन्यात इजेचे खांब रोवले!"

शालनबाईंनी चहाचा कप थेट हेल्मेटखाली धरला. "घ्या दादा. त्याच इहिरीचं पानी हाय. आमच्या लग्नाच्या साली दोघांनी मिळून खांदली. तिच्यावर रस्ता घालाल व्हय?"

समाधानला एकदम गलबलून आलं. त्याच्या बीडच्या गावातली विहीर आटली, म्हणून तर तो इथे आला होता. तो बोलून गेला, "मावशी, तुमच्या विहिरीला कुणी हात लावणार नाही!"

"म्हंजे रस्ता हाय खरा!" मारुतरावांनी कपाळावर हात मारला.

शेवटी समाधानने मोबाइलच त्यांच्यापुढे धरला. आरडाओरडा होण्याआधीच एक फोटो निघाला होता. त्यात सरडा गळा फुलवून ऐटीत बसला होता. दोघं बघतच राहिली. इथे गप्प बसावं की नाही? पण गप्प बसेल तो समाधान कसला!

"लेकीच्या शाळेसाठी काढलाय, काका. लई दुर्मीळ हाय हा!"

मारुतरावांचा चेहरा पडला. "दुर्मीळ? मंग अभयारन्याचं आरक्षन पडंल की रानावर! पुसा तो फोटू!"

"काका, पोरीला शब्द दिलाय हो!" समाधान रडकुंडीला आला.

ते तोंड पाहून शालनबाई मध्ये पडल्या आणि तह झाला. फोटो ठेवायचा, पण 'कुठे आढळतो' याच्यापुढे शेजारच्या लक्ष्मणरावांच्या रानाचं नाव लिहायचं! समाधानने मान डोलावली, चहाचा दुसरा कप घेतला आणि घर गाठलं.

फोटो पाहून दिव्या त्याच्या गळ्यातच पडली! तीन गुरुवारचा राग एका मिनिटात उतरला. मग त्याने तिला तहाची अट सांगितली. ती जरा विचारात पडली. प्रकल्पात सगळं खरं लिहायचं, असं बाईंनी बजावलं होतं.

शुक्रवारी प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. बाईंनी कौतुकाने ते पान पालकांच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर लक्ष्मणरावांची सूनही आहे. फोटोखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं :

'कुठे आढळतो : मारुतरावांच्या माळावर. पण त्यांनी लक्ष्मणरावांचं नाव लिहायला सांगितलं आहे.'

समाधान हल्ली डबा कंपनीच्या कँटीनमध्येच खातो. तेही माळाकडच्या खिडकीकडे पाठ करून!